डावी कड

सायकलवाल्याचा रस्ता म्हणजे रस्त्याची डावी कड. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० साली पाडले. मेट्रो आणि नव्या पुलासाठी गणेशखिंड रस्त्यावर मधोमध पत्रे उभे राहिले. जागा गेली मधली, पण मोटारी बाजूला सरकल्या आणि कड त्यांनी घेतली. सायकलला उरली खडी, चेंबरची झाकणं आणि खड्ड्यावर टाकलेली लोखंडी प्लेट. पावसात त्या प्लेटवर हँडल वळवलं की चाक निसटतंच.

शेजारी फलक : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. आणि पर्यायी मार्गाचा बाण! दोन किलोमीटरचा वळसा मोटारीला थोडं पेट्रोल मागतो. रात्रपाळी करून निघालेल्या वॉचमनकडून पाय मागतो. रविवारी पहाटे हौसेनं निघणाऱ्यांचं ठीक आहे, त्यांना रस्ता निवडता येतो. आमच्या गल्लीतले एक चाचा कामावर जाताना निम्मी वाट सायकल हातात धरून चालत असत. ‘बसनं जा’ म्हटलं, तर म्हणाले, ‘भाईजान, पहाटे चारला कुठली बस?’

महापालिकेनं २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. पण काम चालू असतानाच्या वर्षांचं काय? पत्रे ठोकतानाच डावीकडे चार फूट सायकलसाठी सोडावेत, आणि हे निविदेतच लिहावं.