रापी, फरमा आणि दावा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'पेटंट' या विषयावर बोलायला उभं केलंय. मी वकील नाही, प्राध्यापक नाही. आयटीआयचा टर्नर आहे आणि चांभाराचा पोरगा आहे. रापी धरून धरून माझ्या बापाच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्याच्या हाताला गावानं जात म्हटलं. विद्या कधी म्हटलं नाही. शोध तर लांबच.

आधी माझी फजिती सांगतो. मी मुंबईत चामड्याच्या एका कारखान्यात होतो. पट्ट्यांना भोकं पाडायचं काम. एकेक भोक, हातोडीनं. दुपारपर्यंत मनगट सुजायचं. मी भंगारातून एक पायपट्टी, स्प्रिंग आणि सहा पंच जमवले. पाय दाबला की सहा भोकं, सारख्या अंतरावर. पंच खालच्या लाकडात रुतू नये म्हणून एक अडणी बसवली, कातड्याच्या जाडीप्रमाणे सरकवता येईल अशी. मालकानं पाठ थोपटली, चहा पाजला. त्याच्या माणसानं मापं घेऊन कागदावर उतरवली. मला वाटलं, आपला सन्मानच चाललाय! वर्षभरात तेच यंत्र दुसऱ्याच्या नावानं बाजारात. विचारायला गेलो तर म्हणाले, 'तुझं काय आहे यात? कागद दाखव.'

कागद नव्हता. माझ्याकडं नुसते हात होते.

'कागद दाखव.' जमिनीसाठी, झोपडीसाठी हेच ऐकत आपल्या पिढ्या गेल्या. म्हणून आज कागदाबद्दलच बोलतो.

ज्या काळ्या माणसांच्या पँथरवरून 1972 साली इथल्या पोरांनी आपल्या संघटनेला नाव दिलं, त्यांच्याच देशातली गोष्ट ऐका. मिसिसिपीत नेड नावाचा एक गुलाम होता. त्यानं कापसाच्या शेतासाठी एक अवजार केलं. मालकानं 1857 साली त्याचं पेटंट स्वतःसाठी मागितलं. म्हणणं काय, तर गुलामाचे हात माझे, तसं डोकंही माझंच! पण अर्जदारानं शपथ घ्यावी लागे की मीच शोधक. मालक शोधक नव्हता. नेड शोधक होता, पण गुलाम म्हणजे नागरिक नव्हे, मग त्याची शपथ कशी चालणार? 1858 साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनं निकाल दिला, गुलामाच्या शोधाला पेटंट नाही. अवजार होतं, शोध होता, पण कायद्याच्या लेखी शोधकच नव्हता.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. यान मॅट्झेलिगर, 1852 सालचा जन्म, डच गियानाचा, म्हणजे आजच्या सुरीनामचा काळा पोरगा. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी तो जोड्यांच्या कारखान्यात लागला. जोड्याचं वरचं कातडं फरम्यावर ताणून तळाला बसवायचं काम तेव्हा हातानंच व्हायचं. कसलेला कारागीर दिवसाला 50 जोड उरकायचा. हे काम यंत्राला जमणारच नाही, असं लोक म्हणायचे. यान रात्री इंग्रजी शिकला, यंत्रशास्त्र वाचलं, सिगारच्या खोक्यांची लाकडं, तारा, खिळे जोडून नमुने केले. 20 मार्च 1883 ला त्याला पेटंट मिळालं. पुढं त्याचं यंत्र दिवसाला 150 ते 700 जोड काढू लागलं. पण भांडवलासाठी त्याला दोन तृतीयांश हक्क आधीच द्यावे लागले होते. 1889 साली क्षयानं गेला, वय 36. पैसा कंपन्यांनी केला. पण त्या पेटंटवर नाव त्याचंच आहे. ते कुणाला खोडता आलं नाही.

नेड आणि यान यांच्यात फरक कसला? बुद्धीचा नाही. एक गुलाम होता आणि एक मोकळा, आणि मोकळा होता म्हणूनच त्याला अर्ज लिहिता आला. आज आपण गुलाम नाही, संविधानानं नागरिक आहोत. मग अर्ज का लिहीत नाही?

आपल्याकडं 1970 चा पेटंट कायदा आहे. शोध नवा पाहिजे, धंद्यात वापरता आला पाहिजे, आणि त्या कामात मुरलेल्या माणसाला सहज सुचेल असा नसावा. हे शेवटचं नीट ऐका. कामात मुरलेला माणूस! चपलेच्या धंद्यात तो कोण? माझा बाप! म्हणजे कायद्याचं माप आमचा हात, आणि अर्ज करणारा मात्र भलताच. हा उलटा कारभार आपणच सुलटा करायचा.

कसा? पहिली गोष्ट, तोंड बंद. अर्ज टाकण्याआधी वस्तू दाखवली की ती 'नवी' राहत नाही. वही ठेवा. तारीख, चित्र, फसलेले प्रयत्न, सगळं लिहा. नुसत्या वहीनं हक्क मिळत नाही, पण चोराशी भांडताना ती कामी येते. मग जुनी पेटंटं चाळा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येतात. काम अर्धं झालं असेल तर तात्पुरता अर्ज टाका. त्यानं तारीख आपली होते, आणि पूर्ण मजकूर द्यायला 12 महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये, तपासणीची 4000. वकील सक्तीचा नाही. पेटंट मिळालं तर मुदत अर्जापासून 20 वर्षं, मात्र दरसालची फी भरत राहावं लागतं.

खरी मेख आहे दाव्यात. दावा म्हणजे आपल्या शोधाची हद्द. 'भोकं पाडायचं यंत्र' असं लिहिलं असतं तर साहेबानं लगेच फेटाळलं असतं, असली यंत्रं शंभर आहेत. 'पायपट्टी, एका ओळीत सहा पंच आणि कातड्याच्या जाडीप्रमाणे सरकणारी अडणी असलेलं यंत्र' असं लिहायला हवं होतं. अडणी माझी होती. ते एक वाक्य मला लिहिता आलं नाही, म्हणून मी हरलो. आणि हक्क विकायचाच तर लेखी विका. तोंडी सौदा कायद्यात टिकत नाही.

कुणी म्हणेल, कोल्हापुरीचं पेटंट घेऊया. नाही मिळणार. पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान ते, नवं नाही. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या 8 जिल्ह्यांसाठी. ते नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही. म्हणून 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडानं तसल्याच चपला मिरवल्या, त्याही आधी कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाली तेव्हा कबूल केलं. जुनं सगळ्या समाजाचं, ते मानांकनानं राखा. पण त्या जुन्यात तुम्ही जे नवं घालाल, त्याचा कागद करा.

एक दोस्त म्हणाला, पेटंट म्हणजे भांडवलदाराची मक्तेदारी, आपण कशाला त्यात? बरोबर आहे त्याचं. कॅन्सरच्या एका औषधाला महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपये पडत होते. 2012 साली मुंबईच्या पेटंट कार्यालयानं दुसऱ्या कंपनीला ते करायचा सक्तीचा परवाना दिला, किंमत 8800 वर आली. कशाच्या जोरावर? त्याच कायद्यातल्या कलमाच्या. कायदा वाचणाऱ्यालाच त्याचं दुसरं टोक सापडतं. न वाचणाऱ्याच्या नशिबी दोन्ही टोकांचा मार.

शेवटचं. हातानं मैला साफ करायला लावणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी माणसं गटारात मरतात. केरळात तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारं यंत्र केलं, 2018 साली ते कामाला लागलं. त्यांना सलाम. पण अरुंद गल्लीतलं गटार कसं आहे, गाळ कुठं अडतो, वायू कुठं साचतो, हे ज्याचा भाऊ आत उतरला त्याला जास्त ठाऊक. तो मॅनहोलच्या कामात मुरलेला माणूस आहे. त्याच्या हातात वही द्या.

माझा बाप म्हणायचा, 'हात चालू ठेव, तोंड बंद ठेव.' अर्ज टाकेपर्यंत त्याचं ऐका. अर्ज टाकला की मग जोरात बोला, हे माझं आहे!

जयभीम.