दगडाची तबकडी



ऐकलेला चुटका कुणी पुन्हा सांगू लागला की आपण त्याला मध्येच थांबवतो. 'हा ऐकलाय' म्हणतो. पण तेच आपण पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' मात्र पुन:पुन्हा लावतो. कुठे काय येणार ते पाठ असते. वाक्य यायच्या आतच घरातली माणसे एकमेकांकडे बघून हसू लागतात. कॅसेटची फीत झिजली तर दुकानातून सीडी आणली जाते. चुटका एकदा ऐकला की संपतो. ज्या विनोदात माणसे राहतात तो संपत नाही, कारण ती माणसे हळूहळू आपल्या ओळखीची होतात, आणि ओळखीच्या माणसाला 'तू परवाच येऊन गेलास' असे कुणी म्हणत नाही.

आज मला अशाच, घरात ठेवलेल्या एका विनोदाविषयी बोलायचे आहे. आमच्या शोकेसच्या खालच्या खणात 'द फ्लिंटस्टोन्स' या जुन्या अमेरिकन कार्टून मालिकेच्या काही डिस्क आहेत. कविता लिहिणारा पन्नाशी ओलांडलेला माणूस कार्टूनच्या डिस्क जपून ठेवतो, याचे काहींना नवल वाटेल. माझ्या मुलालाही वाटते.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने, म्हणजे 'टॉम अँड जेरी'वाल्यांनीच, ती काढली. ३० सप्टेंबर १९६० रोजी ती अमेरिकेत सुरू झाली आणि १९६६ पर्यंत चालली. एकूण १६६ भाग. रात्री जेवणाच्या सुमारास सगळे कुटुंब टीव्हीपुढे बसते, त्या मुख्य वेळेत दाखवली गेलेली ही पहिली कार्टून मालिका. कार्टून असली तरी हिची चाल घरगुती विनोदी मालिकेचीच. अश्मयुगातले बेडरॉक नावाचे गाव. तिथे दगडाच्या खाणीत काम करणारा, तापट पण मनाचा भाबडा फ्रेड. त्याची शहाणी बायको विल्मा. शेजारी बार्नी आणि त्याची बायको बेटी. बायकांना चुकवून दोघे मित्र काहीतरी उद्योग करून ठेवतात आणि शेवटी पकडले जातात.

सगळी गंमत त्यांच्या संसारात आहे. गाडी आहे, पण ती पायांनी पळवायची. नळ आहे, पण ती हत्तीची सोंड. घरात गाणी वाजवायला तबकडीही आहे. ती दगडाची आहे, आणि तिच्यावर सुईच्या जागी एक पक्षी आपली लांब चोच टेकवून बसलेला असतो. हे प्राणी मधूनच आपल्याकडे बघून 'पोटासाठी करावे लागते' अशा अर्थाचे काहीतरी कुरकुरतात. सहावा वेतन आयोग, सातवा वेतन आयोग यांच्या चर्चा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला ते लगेच समजते.

आकाशवाणीवर बोलताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या मालिकेतले आवाज रेडिओवर तयार झालेले होते. फ्रेडचा आवाज देणारे ॲलन रीड आणि बार्नीचा आवाज देणारे मेल ब्लँक, दोघेही रेडिओचे मुरलेले कलावंत. जानेवारी १९६१ मध्ये मेल ब्लँक यांच्या मोटारीला भयंकर अपघात झाला. काही भागांत दुसऱ्या कलावंताने बार्नी सांभाळला. त्यानंतर ब्लँक अंगभर प्लास्टर घालून पलंगावर पडलेले असतानाच त्यांच्या तोंडापुढे मायक्रोफोन टांगून ध्वनिमुद्रण केले गेले. बार्नी हसतो तेव्हा तो माणूस पलंगावरून हलूही शकत नव्हता, हे कळल्यावर ते भाग पुन्हा पाहावेसे वाटतात. आणि पुन्हा पाहायचे तर ते हाताशी असावे लागतात.

आता हे बेडरॉक आमच्या साकोलीत कसे पोहोचले ते सांगतो. साकोली हे भंडारा जिल्ह्यातले, नागपूर-रायपूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. भोवती धानाची शेती, जवळच नागझिऱ्याचे जंगल. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आले. पुढे केबलच्या तारेवरून ते आमच्याही गल्लीत उतरले आणि त्यातली कार्टून हिंदीत बोलू लागली. माझा मुलगा तेव्हा लहान होता. त्याच्यासोबत माझी अम्मी बसायची. आमच्या घरात बोलणे हिंदी-उर्दूत, माझे लिहिणे मराठीत, आणि फ्रेड मूळचा इंग्रजीतला. अम्मीला या कशाचेच काही नव्हते. तिने त्याचे नाव 'पत्थरवाला' ठेवले.

अडचण होती ती विजेची. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन किती तासांचे असायचे हे ज्यांनी भोगले त्यांना आकडा सांगायची गरज नाही. कार्यक्रमाची वेळ व्हायची आणि दिवे जायचे. वीज परत यायची तेव्हा दुसरेच काही चालू असायचे. शहरातल्या शौकिनाने डिस्क विकत घेतली ती संग्रहासाठी असेल. आमच्यासारख्या गावात तिचे पहिले मोल हे होते की ती आमच्या विजेची वाट बघत थांबायची. कार्यक्रम आमच्या वेळेवर सुरू होत असे. नेमके त्याच सुमारास डिस्क स्वस्त झाल्या. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या आसपास चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. पूर्वी सीडी भाड्याने आणणारी घरे विकत घेऊ लागली.

फ्लिंटस्टोन्सचा पहिला संच अमेरिकेत २००४ मध्ये डीव्हीडीवर आला. आमच्याकडच्या डिस्क मुलाने ईदीचे पैसे साठवून नागपूरहून मागवल्या. लावल्या तर भाषा इंग्रजी! केबलवरचा हिंदी बोलणारा फ्रेड त्यात नव्हताच. मग मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला आणि पाठ असलेली हिंदी वाक्ये स्वत:च म्हणायला सुरुवात केली. त्याची बहीण विल्मा झाली. एखादे वाक्य आठवले नाही की मी जोडून द्यायचो. आमच्या घरातला फ्रेड त्यामुळे थोडा साकोलीचाच झाला. त्याच्या तोंडी 'काहून बे' सुद्धा आले.

त्यातल्या एका डिस्कवर ओरखडा आहे. तिसऱ्या भागात फ्रेड दार ठोठावतो तिथे चित्र थबकते, थरथरते आणि काही क्षणांनी पुढे सरकते. अम्मीचे कान शेवटच्या वर्षांत पार गेले होते. पण तेवढ्या जागेवर ती न चुकता म्हणायची, "देखो, फिर अटक गया. कोई दरवाजा खोलो रे उसका." आणि सगळे हसायचे. मूळ मालिकेत हा विनोद नाही. तो जगातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रतीत मिळायचा नाही. अम्मी गेल्यावर मुलाने मला तोच भाग फोनवर दाखवला. चित्र स्वच्छ होते, रंग झळझळीत होते. फ्रेड दाराशी आला, त्याने ठोठावले आणि तो पुढे निघून गेला. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

हे एका घराचे झाले. पण या प्रकारच्या मालिकेतच पुन्हा पाहण्याची सोय असते, असे मला वाटते. प्रत्येक भाग जिथून सुरू होतो तिथेच येऊन संपतो. कालचे भांडण आज शिल्लक नसते. त्यामुळे कोणताही भाग कधीही काढून लावता येतो. शिवाय चित्रातली माणसे म्हातारी होत नाहीत. अमेरिकेतल्या 'द सिम्प्सन्स' मालिकेतला बार्ट १९८९ पासून दहा वर्षांचाच आहे. आपला 'चिंटू' १९९१ मध्ये वर्तमानपत्रात आला. त्याचेही वय वाढले नाही. कितीतरी घरांत चिंटूची चित्रे कापून वहीत चिकटवली जात. ती वही आणि ही डिस्क, दोन्ही एकाच स्वभावाच्या. वर्तमानपत्र रद्दीत जाते, प्रक्षेपण हवेत विरते. त्यातले आवडलेले तेवढे माणूस उचलून घरात ठेवतो.

आणि असे कुणी ठेवले नाही तर काय होते? १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चि. वि. जोशी यांच्या लेखनावरची 'चिमणराव' ही मालिका गाजली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्यांनी ती पाहिली ते आजही डोळे मिटून सांगतात. आमच्या भागात तेव्हा मुंबईचे दूरदर्शन दिसतच नव्हते, म्हणून आम्हाला ती आता पाहायची आहे. पण तिचे मोजकेच भाग उरले आहेत. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती आणि दाखवून झालेले पुसून तिच्यावर नवे घेण्याची पद्धत जगभर होती. लोकांच्या घरी ते उतरवून घ्यायचे यंत्रही नव्हते. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातले अनेक भाग असेच गेले. पण त्यांचे आवाज मात्र सगळे उरले आहेत. कारण काही चाहत्यांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ते उतरवून घेतले होते. संस्थेकडे जे राहिले नाही ते पोरासोरांच्या कपाटात राहिले.

'आता तसे होणार नाही, सगळे इंटरनेटवर आहे,' असे माझा मुलगा म्हणतो. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याच्याकडे सिम्प्सन्सच्या डिस्क आहेत. त्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी की, १९९१ च्या एका भागात मायकेल जॅक्सनचा आवाज होता. मार्च २०१९ मध्ये निर्मात्यांनी तो भाग मागे घेतला. तो निर्णय बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण ज्याच्याकडे जुनी डिस्क आहे त्यालाच आज तो पाहून स्वत:चे मत ठरवता येते. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ही मालिका आली तेव्हा जुने चौकोनी भाग आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी वरून-खालून कापले गेले. एका दृश्यात दारूच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांची पिंपे आहेत आणि तिन्ही एकाच नळीतून भरली जातात. कापताना वरची नळीच गेली. पिंपे राहिली, विनोद गेला! लोकांनी ओरड केल्यावर २०२० मध्ये मूळ चौकट परत दिली गेली. पण मूळ चौकट कशी होती हे ओरडणाऱ्यांना सांगता आले, त्यांच्या घरच्या डिस्क त्याला साक्षी होत्या.

फ्लिंटस्टोन्सचेही असेच झाले होते. पहिल्या दोन वर्षांच्या भागांना वेगळे सुरुवातीचे संगीत होते. पुढे पुनर्प्रक्षेपणात ते काढून सर्व भागांना नंतरचे प्रसिद्ध गाणे लावले गेले आणि कितीतरी वर्षे लोकांना तेच मूळ वाटत होते. डीव्हीडीवर जुने संगीत पुन्हा आपल्या जागी आले.

डिस्कचे दोषही मला दिसतात. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा सापडत नाही. मोझर बेअर कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. फोनवर जे मिळते ते सोयीचे आहे, मीही पाहतो. माझे म्हणणे इतकेच की मिळते आणि आहे यांत फरक असतो. मिळते ते कुणीतरी देतो म्हणून मिळते. आहे ते आपल्या खणात आहे.

शेवटी आपल्या मुलखाविषयी. फ्लिंटस्टोन्सची काळजी घ्यायला मोठ्या कंपन्या आहेत. २०२० मध्ये तिचा संपूर्ण संच ब्ल्यू-रेवरही निघाला. पण आमच्या झाडीपट्टीतली दंडार, मंडईतली रात्रभरची नाटके यांची काळजी कोण घेणार? गावातल्या लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याने एखाद्या रात्री हौसेने नाटकही उतरवून घेतलेले असते. अशा डिस्क गावोगाव ट्रंकांत पडून आहेत. त्यातले नट, पेटी वाजवणारे, हसणारे प्रेक्षक यांतले कितीतरी जण आज नाहीत. हे कोणत्याही फोनवर मिळणार नाही, कारण ते कुणी चढवलेलेच नाही.

तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी आपापला खण उघडा. डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोल गोल घासू नका. कव्हरवर गाव, वर्ष आणि माणसांची नावे लिहा. जमल्यास कुणा जाणत्या पोराकडून तिची एक प्रत संगणकावर करून घ्या, आणि प्रत झाली म्हणून मूळ फेकू नका. प्लेअर चालत असेल तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ती एकदा लावा, आणि ते मध्ये काय बोलतात तिकडे लक्ष ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)