रानात झालेली जखम लपवू नका

(होळीच्या आधी जव्हार तालुक्यात पाडा-कार्यकर्त्यांचे शिबिर झाले, त्यात केलेले भाषण. बोलले तसेच लिहून घेतले आहे.)



काल दिवसभर आपण प्लॉटबद्दल बोललो. कोणाचा पंचनामा झाला, कोणाची दंडाची पावती उंदरांनी खाल्ली, जुना पुरावा कसा गोळा करायचा. आज आम्ही उभे राहिलो तर मागून एकानं विचारलंच, "जमिनीच्या शिबिरात शिकारीचं नि दवाखान्याचं काय काढलंत?" तर आधी तेच सांगतो.

दोन वर्षांमागे होळीनंतर आमच्या पाड्यातले आम्ही चौदा जण शिकारीला गेलो. ससा मिळेल, तितर मिळेल, एवढीच आशा. झाडोऱ्यातून डुक्कर उठलं आणि एकाच्या मांडीत सुळा घालून निघून गेलं. तेव्हा दुपार होती. रस्ता दीड तासावर. आणि आम्ही काय केलं? घळीत बसून राहिलो. कारण खालच्या वाटेवर गार्ड असतो, तो पकडेल, केस करेल, कामठे जप्त करेल. पाला ठेचून जखमेत भरला, वरून पंचा गुंडाळला. रक्त थांबे, परत येई. तो पाणी मागत होता. अंधार पडल्यावर निघालो, तेही लांबच्या वाटेनं. दवाखान्यात पोचलो तेव्हा कोंबडा आरवला होता आणि त्याचं अंग थंड पडलं होतं.

त्यात दवाखान्याची चूक नव्हती, चूक आमची होती. चौदा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की जखमेवर नुसतं दाबून धरायचं असतं. आणि चौदाही जण गार्डाला मरणापेक्षा जास्त भ्यायलो. त्याच्या नावावर एकसाली प्लॉटची जुनी पावती होती. आज ती त्याची बायको पदरात बांधून कचेऱ्यांत फिरते. आता सांगा, ही गोष्ट जमिनीची आहे की नाही?

शिकार करा, असं सांगायला आम्ही आलो नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी केली. संस्थानिक आणि साहेब लोक बंदुकीनं वाघ मारायचे, फोटो काढायचे. वाघ संपत आले तेव्हा कायदा आला, आणि आमचा ससाही त्यातच अडकला. हे भांडण वेगळं आहे, ते आपण वेगळं भांडू. पण त्याच कायद्याचं 11 वं कलम ध्यानात ठेवा. जीव वाचवायला, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा, जनावराला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. मोह वेचणाऱ्या बाईवर डुक्कर आलं आणि तिनं कोयता मारला, तर लपायचं कारण नाही. मेख अशी आहे की त्या वेळी तुम्ही स्वतःच शिकार करत असाल तर हे कलम वाचवत नाही. म्हणजे केस होऊ शकते. होऊ द्या. केस संघटना लढेल, तारखांना आपण जाऊ. मेलेल्या माणसाला कोणती तारीख?

दुसरं, सुप्रीम कोर्टानं 1989 साली निकाल दिला आहे: जखमी माणूस आला की डॉक्टरनं आधी त्याचा जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो की खाजगी. "आधी पोलिसांत जा" असं कोणी म्हटलं तर भांडा. पण डॉक्टरशी खोटं बोलू नका. ताडावरून पडला, असं आपण सांगतो. मग तो हाड बघत बसतो आणि सुळ्याची जखम खोल किती ते राहून जातं, धनुर्वाताचं इंजेक्शनही राहतं.

आता रक्ताचं. स्वच्छ फडकं, नसेल तर जवळची फडकी, घडी करून जखमेवर ठेवा आणि दोन्ही तळहातांनी अंगाचा भार देऊन दाबा. थांबलं का बघायला सारखं उचलू नका. भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. दमलात तर दुसऱ्यानं हात घालायचा, पण दाब सुटता कामा नये. माती, राख, तंबाखू आत भरायची नाही. आणि तीर घुसला असेल, आपलाच आपल्या माणसाला लागतो कधी कधी, तर तो उपसू नका. तो आत आहे तोवर बुचासारखा आहे. हलणार नाही असा बांधा आणि तसंच न्या.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार मुख्य. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. दोरीनं पाय काळा पडलेला आम्ही पाहिला आहे. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा कामट्या बांधा, चालवू नका, झोळीत घाला. मण्यार तर झोपेत चावते, दात दिसतसुद्धा नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं. भगताबद्दल आम्ही वाकडं बोलत नाही. आमचा भगत आता झोळीबरोबर चालतो. मंत्र वाटेत म्हणतो, आणि त्यानं माणूस घाबरत नाही हे आम्ही पाहिलं. पण वाट दवाखान्याची. विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात. आणखी एक: पोराला लस मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापानं विष कमी टाकलेलं नसतं. पोर लहान म्हणून थोडीच दिली तर विचारा.

इथे काल एक बाई म्हणाली, "शिकार करणाऱ्यांचंच सांगता, आम्ही पहिल्या पावसात रात्री खेकड्याला जातो, दगडाखाली हात घालतो, त्याचं काय?" खरं आहे, आमच्या ध्यानात नव्हतं. बॅटरी त्यांच्याकडे आधी पायजे, बाप्यांकडे मग.

तारेबद्दल मात्र आम्ही कडक बोलणार. डुकरासाठी लाईनवरून आकडा टाकून शेताभोवती तार सोडतात. त्यात फडकं दाबून माणूस परत येत नाही. रात्री परसाकडे निघालेलं पोर त्या तारेला ओळखत नाही. कोणी चिकटलाच तर हातानं ओढू नका, ओढणाराही जातो. आधी लाईन बंद करा. पिठाच्या गोळ्यात बार भरून ठेवतात तेही तसंच, गाय खाते आणि जबडा उडतो, करणाऱ्याचा हात जातो. ही शिकार नाही. ज्या पाड्यात हे चालतं तिथल्या कार्यकर्त्यानं ते बंद करायचं. गार्डाला सांगून नाही, पाड्याच्या बैठकीत. दारू पिऊन कामठा घेणाऱ्यालाही तिथेच थांबवा.

रानात निघताना कोणत्या डोंगराला जातो, कधी परतणार, हे घरी बायांना सांगून जा. आजवर आपण अपशकुन म्हणून सांगत नव्हतो. एक घोंगडी, दोरी, पाणी, स्वच्छ फडकी, काडेपेटी बरोबर. झोळीचा बांबू रानात मिळतो, पण तोडायला वेळ जातो, तेव्हा वाटेवरच्या पाड्यात एक तयार ठेवा. जीपवाला रात्री उठेल का, किती घेईल, हे आजच विचारा. आमच्या पाड्यात घरटी दोन रुपये आणि पायलीभर नागली असा फंड केला आहे. दोनदा उपयोगी पडला, एकदा भांडण झालं. हिशेब बाईकडे दिल्यावर भांडण मिटलं.

येत्या बाजाराच्या दिवशी प्रत्येक भागातून पाच जण आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारणार आहोत: सापाची लस किती बाटल्या आहेत, तारीख संपली का, रात्री कोण असतं. मिळेल तो आकडा लिहून आणा. नसेल तर तेही लिहा, तहसीलवरच्या मोर्चाच्या मागण्यांत घालू. आता जेवणानंतर अंगणात झोळी बांधून दाखवतो. अंगानं जडातला जड माणूस पुढे या, उचलून बघायचं आहे.