भेट कोणाची?

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात एखाद्यावर गुन्हा दाखल झाला, की कोर्टाच्या आधी घरचाच निकाल लागतो. मूल आईबरोबर मामाकडे जातं आणि ‘बाप आत आहे, आता कशाची भेट’ असं सगळे ठरवून टाकतात. मला हे मान्य नाही. भेट ही बापाला दिलेली सवलत नसून मुलाच्या हक्काची गोष्ट आहे. बापावर खटला आहे एवढ्यानंच ती बंद होऊ नये.

१८९० चा पालक व पाल्य कायदा चारित्र्य पाहायला सांगतो, पण ते पालक नेमताना. ताबा कोणाकडे आणि भेट कोणाशी, हे प्रश्न वेगळे आहेत. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याचा सहवास मुलाला मिळावा, निदान रोज पाच-दहा मिनिटं बोलणं तरी व्हावं. तो वाद परदेशात संसार केलेल्या जोडप्याचा होता, तुरुंगाचा नव्हे, हे खरं. पण तुरुंगातल्या आयांबद्दल त्याच न्यायालयानं २००६ मध्येच ठरवून दिलं आहे: मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, आणि नंतर बाहेर गेलं तरी आठवड्यातून एकदा तरी आईला भेटावं. शिक्षा झालेल्या आईच्या मुलाला जे मिळतं, ते कच्च्या कैद्याच्या मुलाला का नाकारायचं? २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चेच आहेत.

बाप मारहाण करणारा असेल तर? ही भीती रास्त आहे, आणि तिथं मी भेटीचा आग्रह धरणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानुसार भेटीनं मुलाचं अहित होईल असं वाटलं, तर दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारलीच पाहिजे. पण पाहायचं ते मुलाचं अहित. बांधावरच्या भांडणाचा किंवा न वटलेल्या चेकचा खटला आणि लेकरासमोर आईला मारणं एका मापानं मोजता येत नाही.

तुरुंग पाहून मूल घाबरेल, असंही म्हणतात. काचेपलीकडे बापाचे ओठ हलतात, आवाज मात्र कानाशी धरलेल्या रिसीव्हरमधून येतो, आणि पोर काचेवरच हात ठेवतं. अशी भेट घाबरवणारीच. म्हणूनच महाराष्ट्रातल्या काही कारागृहांनी ‘गळाभेट’ सुरू केली. तिथं मूल बापाच्या मांडीवर बसतं. मुलाला लांब ठेवण्यापेक्षा ती काच मध्ये नसलेली बरी.

अडचण पुढेच आहे. केदारखेड्याहून हर्सूलच्या कारागृहात जायचं तर शाळा बुडते, गाडीभाडं लागतं, आणि दुखावलेल्या आईनं तिथवर का यावं? तेव्हा वकिलांनी नुसतं ‘भेट मिळावी’ एवढंच मागू नये. मुलाला आजी नेणार की चुलता, सुट्टीचा कोणता दिवस, भाडं कोण देणार, आणि जाणं जमलं नाही तर व्हिडिओ मुलाकात किती वाजता, हे सगळं आदेशातच लिहून घ्यावं.