दोरी ओढण्याआधी

मृगाचा पाऊस होऊन गेला, सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालं, तणानं डोकं वर काढलं, की कंधारमध्ये यंत्रदुरुस्तीच्या दुकानापुढं गर्दी होते. कुणी पाठीवरचा पेट्रोल फवारा आणतं, कुणी ब्रश कटर, कुणी पॉवर विडर. तक्रार पुष्कळदा एकच असते, दोरी गेली. कुणाची तुटून मुठीसकट हातात आलेली, कुणाची बाहेर लोंबकळतेय अन् आत जायचं नाव घेत नाही.

जुन्या मंडळींना किर्लोस्करचं डिझेल इंजिन आठवत असेल. एकानं हँडल फिरवायचं, वेग आला की दुसऱ्यानं वरची कळ पाडायची. रॉकेलवरच्या छोट्या पंपाला दोरी असायची, पण ती सुटी. तिची गाठ पुलीच्या खाचेत अडकवायची, गुंडाळायची, ओढायची. इंजिन लागलं नाही की पुन्हा गुंडाळायची. आजच्या मशिनमध्ये ही गुंडाळण्याची मेहनत एक स्प्रिंग करते, एवढाच फरक.

स्टार्टरच्या झाकणाच्या आत प्लॅस्टिकची पुली असते, तिच्यावर दोरी असते आणि पुलीखाली घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टीची स्प्रिंग. दोरी ओढली की पुली फिरते, तिच्यावरचे छोटे दात बाहेर येतात आणि फ्लायव्हीलच्या वाटीत अडकून इंजिन फिरवतात. इंजिन लागलं की ते दात सुटतात आणि स्प्रिंग दोरीला आत ओढून घेते. आता एक गंमत पाहा. फ्लायव्हीलला पंख्याची पाती असतात. इंजिन गार ठेवायला ती हवा ओढतात, आणि बऱ्याच मशिनांत ही हवा याच स्टार्टरच्या जाळीतून आत येते. म्हणजे आपल्या काळ्या रानातली धूळ अन् गवताचा भुसा थेट पुलीवर आणि स्प्रिंगवर. दोरी आळसावली की पहिला संशय या कचऱ्यावर घ्या. पुष्कळदा झाकण काढून ब्रशनं साफ केलं तरी काम भागतं.

पण माझं मुख्य सांगणं वेगळं आहे. दोरी तुटते, त्याचं मूळ बहुतेक वेळा दोरीत नसतं. नीट असलेलं इंजिन चार-पाच झटक्यांत लागायला हवं. ते लागत नाही म्हणून माणूस चिडतो, सालगड्याला हाक मारतो, दोघं मिळून पाळीपाळीनं ओढत बसतात, अन् मग दोरी जाते. दिवाळीनंतर टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल जूनपर्यंत शिळं होतं. त्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या बारीक भोकांत बसतो. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच उसाचं असेल, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं हेही खरं. तेव्हा आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला, प्लग काढून पुसा, हवेची जाळी झटका. मशिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये कंपनीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच ऑइल मिसळा. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, पंचवीसास एक म्हणजे ४० मिली. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं, त्याची जागा वेगळी.

एवढं करूनही दोरी जड लागत असेल तर प्लगची टोपी काढा, म्हणजे इंजिन अचानक लागणार नाही. मग स्टार्टरचे स्क्रू खोलून तो बाजूला करा आणि फ्लायव्हील हातानं फिरवून पाहा. ते फिरलं तर दोष स्टार्टरचा. जागचं हललं नाही तर जोर लावू नका. इंजिन जाम झालं असेल, किंवा मशिन आडवं पडून आत ऑइल-पेट्रोल भरलं असेल. प्लग काढून फिरवल्यावर ते बाहेर आलं तर बरंच झालं, नाही तर मिस्त्री गाठा.

दोरी बदलणं मात्र घरी जमतं. तुटलेले दोन्ही तुकडे घेऊन दुकानात जा. जाडी आणि लांबी त्यांवरूनच कळते. स्टार्टरची विणलेली नायलॉन दोरीच घ्या. बाजेची दोरी किंवा दाव्याचं सूत लावणारे आहेत, पण जाड दोरी पुलीत मावत नाही आणि सूत आठवड्यात झिजतं. टोकं काडेपेटीनं वितळवून घट्ट करा. दोरी पुलीत गाठ मारून गुंडाळा, मग तिचा एक फेर पुलीच्या खाचेत धरून, ओढताना पुली जिकडं फिरते तिकडंच तिला दोन-तीन फेरे द्या. काही मशिनांना जास्त लागतात. हा ताण दिला नाही तर दोरी लोंबकळतच राहते. ताण जास्त झाला तर स्प्रिंग तुटते. म्हणून दोरी पूर्ण बाहेर ओढून धरा आणि पुली आणखी अर्धा फेर फिरते का बघा. फिरत नसेल तर एक फेर कमी करा.

स्प्रिंग स्वतः तुटली असेल किंवा तिचं टोक सुटलं असेल, तर जरा जपून. ती पट्टी उसळून डोळ्याला लागू शकते, बोटं कापते. चष्मा आणि हातमोजे घालूनच पुली उचला, अन् जवळ लेकरं नकोत. खरं सांगायचं तर मी अशा वेळी अख्खा स्टार्टर बदलायचाच सल्ला देतो.

दोरी येते-जाते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा दात झिजलेले किंवा मातीनं चिकटलेले असतात. ते साफ करा. त्यांवर तेल ओतायचा मोह आवरा, तेलावर धूळ बसते आणि दुखणं वाढतं.

ओढण्याचीही एक रीत आहे. आधी हळू ओढून इंजिनचा दाब हाताला लागू द्या, मग झपकन ओढा. शेवटच्या टोकापर्यंत ओढू नका, आणि मूठ सोडून देऊ नका, ती हातानंच आत न्या. एवढं करूनही दोरी उलट हिसका देत असेल, हात मुरगळत असेल, तर ठिणगी चुकीच्या वेळी पडत असण्याची शक्यता आहे. फ्लायव्हीलला शाफ्टवर धरून ठेवणारी चावी कातरली की असं होतं. त्यासाठी फ्लायव्हील काढावं लागतं आणि त्याला पुलर लागतो. हातोडीनं ठोकून काढायला जाल तर फ्लायव्हीलही जाईल आणि शाफ्टही. ते मशिन सरळ दुकानात न्या.