सडात औषध सोडल्यावर दुधाचं काय करायचं?



दगडी, म्हणजे कासदाह, हा दुभत्या जनावराच्या गोठ्यात नेहमीचाच पाहुणा. कास सुजते, सड हाताला गरम लागतो, दुधात गाठी येतात, कधी रक्ताची झाक दिसते. डॉक्टर येतात, सडात ट्यूब सोडतात, मानेत इंजेक्शन देतात आणि तीन-चार दिवसांत कास मऊ पडते. इथपर्यंत सगळं ठीक. आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दुधाबद्दल. दूध पुन्हा पांढरंशुभ्र दिसू लागलं की ते कॅनमध्ये ओतायचं, असा बऱ्याच ठिकाणी रिवाज पडला आहे. हा रिवाज मोडायला हवा.

जनावर बरं झालं म्हणजे औषध संपलं असं होत नाही. ते रक्तात, कासेत आणि मांसात राहतं आणि काही दिवस दुधावाटे बाहेर पडत असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही, फॅटच्या यंत्रावरही कळत नाही. दूध उकळलं तर जंतू मरतात, पण बहुतेक औषध तसंच राहतं. आमच्या भगिनींनी असं दूध कधी विरजलं असेल तर त्यांना अनुभव असेल की दही लागता लागत नाही. आपण ऋतूला नाहीतर विरजणाला दोष देतो. खरं म्हणजे दगडीच्या जंतूंना मारणारं औषध विरजणातल्या जंतूंनाही सोडत नाही. मात्र दही लागलं म्हणजे दूध निर्धोक, असा उलटा अर्थ काढू नका. औषध थोडं असलं तर दही लागतंही.

आता थोडं म्हणजे किती? दुधातल्या पेनिसिलीनची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला चार मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार टन दुधात फक्त चार ग्रॅम. एक लाख युनिट पेनिसिलीन म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम. हिशेब केलात तर एवढंसं औषध पंधरा टन दूध मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. तुमचा एक कॅन संकलन केंद्रावर सगळ्या गावाच्या दुधात मिसळतो, हे लक्षात घ्या. ज्याला पेनिसिलीन सोसत नाही अशा माणसाच्या अंगावर त्या दुधानं पित्त उठू शकतं, क्वचित त्याहून वाईटही होतं. आणि थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की जंतू त्याला सरावतात. मग घरात कुणी आजारी पडलं की तेच औषध लागू पडत नाही.

म्हणून प्रत्येक औषधाला एक वर्ज्य काळ ठरवलेला असतो. तेवढे दिवस दूध विकायचं नाही आणि घरातही वापरायचं नाही. खोक्यावर तो ‘विथड्रॉअल पिरियड’ म्हणून छापलेला असतो. तो छापलाच पाहिजे, असा नियम सरकारने २०१२ साली केला. औषधाचा वर्ज्य काळ ठरवून दिलेला नसेल तर दूध आणि अंडी निदान सात दिवस, मांस निदान अठ्ठावीस दिवस वर्ज्य, असंही त्यात सांगितलं आहे. तेव्हा गाय, बोकड किंवा कोंबड्या विकायला काढण्याआधीही हे दिवस मोजायचे.

मोजायचे कसे? पहिल्या इंजेक्शनपासून नव्हे, शेवटच्या मात्रेपासून. इथंच पुष्कळांचं चुकतं. दुसरं असं की एकाच सडात ट्यूब सोडली असली तरी चारही सडांचं दूध वेगळं काढायचं, कारण औषध रक्तात उतरून बाकीच्या सडांतही येतं. ते दूध वासराला पाजू नका, विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरा.

तुम्ही म्हणाल, बोलायला काय जातं! बरोबर आहे. समजा गाय दिवसाला दहा लिटर देते. तीन दिवस उपचार आणि पुढे सात दिवस थांबायचं, म्हणजे शंभर लिटर दूध गेलं. तीस रुपये भाव धरला तरी तीन हजार रुपये. ज्याच्या घरी एकच गाय आहे त्याचा त्या पंधरवड्याचा पगारच बुडाला. हे दुखणं खोटं नाही. पण ते कमी करता येतं. ट्यूब सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारा, “डॉक्टर, याचं दूध किती दिवस थांबवायचं?” काही औषधांचा वर्ज्य काळ तीन-चार दिवसांचाच असतो. रोगाला तेच औषध चालणार असेल तर ते निवडता येतं. मात्र स्वतःच्या मनानं मात्रा वाढवली किंवा दोन औषधं एकत्र केली तर खोक्यावरचे दिवस पुरत नाहीत. आटवताना सोडायच्या ट्यूबा वेगळ्या असतात, त्यांचा अंमल लांब टिकतो. त्या दुभत्या जनावराला कधीही वापरू नका. आटवलेली गाय दिवस भरण्याआधी व्याली तर दूध घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

मुळात दगडी होऊच नये म्हणून धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ जनावर उभं राहिलं पाहिजे. आजारी जनावराची धार शेवटी काढा.

आता दुकानातून परस्पर आणलेल्या औषधांबद्दल थोडं. तापाला, सुजेला डायक्लोफेनॅक देऊ नका. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडही बंद झालं. माणसांच्या औषधाची बाटली गोठ्यात आणून ही बंदी चुकवणं हाही गुन्हाच. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आहे, ते डॉक्टरांकडून घ्यावं. कुक्कुटपालकांनी ध्यानात ठेवावं की कोलिस्टिन २०१९ पासून बंद आहे.

राहता राहिली खूण. सकाळची धार घरची बाई काढते, संध्याकाळी मुलगा बसतो, आणि दुपारी आलेल्या डॉक्टरांचं त्याला ठाऊकच नसतं. म्हणून औषध दिलं की त्याच वेळी जनावराच्या मागच्या पायाला लाल फडकं बांधा. गोठ्यातल्या वहीत तारीख, औषधाचं नाव आणि दूध कधीपासून घालायचं तो दिवस लिहा. रिकामं खोकं तोवर फेकू नका, वहीलाच टाचून ठेवा. फडकं सोडायचं ते वही बघून.