मोठं अक्षर कुणाच्या वाट्याला?

(माहूर येथे सरपंच, अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्या व बचत गटांतल्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण.)



आज सकाळी आपण सगळ्याजणी गडावर जाऊन आलो. येताना एक गोष्ट मनात आली, तिथूनच सुरुवात करते. या डोंगरांतल्या एका शिखराला रेणुकेचं नाव, दुसऱ्याला दत्ताचं आणि तिसऱ्याला अनसूयेचं. रेणुका जमदग्नींची बायको, अनसूया अत्रींची. पण गडावर कुणी ‘सौ. रेणुका जमदग्नी’ म्हणतं का? म्हणत नाही. तिथे बाई स्वतःच्या नावाने उभी आहे. मग गड उतरून खाली आलं, की आपली नावं अशी का आक्रसतात?

आता आपल्या कोशाविषयी. या भागात कामं करणाऱ्या बायांची माहिती एका जागी असावी म्हणून आपण दोन वर्षं खपतो आहोत. तो मराठीत निघणार आणि इंग्रजीतही, कारण बाहेरून येणारे अधिकारी आणि अभ्यासक इंग्रजी कागद मागतात. इंग्रजीचा पहिला खर्डा हातात आला आणि आमच्या बैठकीत वाद पेटला. वादाचा विषय ऐकून तुम्ही हसाल. नोंदीच्या मथळ्यात हुद्द्याचं पहिलं अक्षर मोठं काढायचं की लहान?

इंग्रजीत अक्षरं दोन प्रकारची, मोठी आणि लहान. साधारण रीत अशी, की हुद्दा नावाला जोडून आला तर अक्षर मोठं आणि नुसत्या पदाविषयी बोलायचं तर लहान. मथळ्यांच्या बाबतीत मात्र संपादकांचेच दोन पंथ आहेत. काहीजण मथळ्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतात, काहीजण फक्त पहिला. जर्मन भाषेत तर प्रत्येक नामाचं अक्षर मोठंच असतं. तिथे मंत्री आणि मोलकरीण, दोघींना एकच मान! कोणताही एक नियम घ्या, माझी हरकत नाही. आमच्या खर्ड्यात मात्र नियमच नव्हता. तहसीलदार, डॉक्टर, सभापती यांची अक्षरं मोठी आणि अंगणवाडी सेविका, आशा, सुईण, मदतनीस यांची लहान. मुद्दाम असं कुणीच केलं नव्हतं. हात आपोआप तसा चालला होता. आणि मला काळजी वाटते ती या ‘आपोआप’ची.

एकजण म्हणाली, “अक्का, आपल्या मराठीत मोठं अक्षर नसतंच. मग हे भांडण इंग्रजीवाल्यांचं, आपल्याला काय त्याचं?”

खरंच नसतं का हो? देवनागरीत नसेल, पण आपल्या जिभेवर आहे. ‘मा.’, ‘श्री.’, ‘साहेब’ ही आपली मोठी अक्षरंच आहेत. पत्रिकेवर पुरुषांच्या नावाआधी ‘मा.’ लागतं आणि बाईच्या नावाआधी ‘सौ.’. एकाचा मान पदामुळे, दुसरीचा नवऱ्यामुळे! याहून बारीक मोठं अक्षर तर क्रियापदात लपलेलं असतं. ‘तहसीलदार आले’ म्हणतो आपण. पण ‘सेविका आली’, ‘आशा येऊन गेली’, ‘सुईणीला बोलाव’. आदराचं बहुवचन कुणाला द्यायचं हे आपली जीभ आपल्याला न विचारताच ठरवून टाकते.

एका गावची कोनशिला मी पाहिली आहे. गावाचं नाव सांगत नाही. सरपंच बाई, काम तिच्याच काळात झालेलं. दगडावर आधी तिच्या नवऱ्याचं नाव ठळक, त्याखाली बारीक अक्षरांत तिचं. सरपंच कोण, असं एखाद्या परक्या माणसाला विचारलं तर तो दगड पाहून नवऱ्याचंच नाव सांगेल. ७३ व्या घटनादुरुस्तीचा कायदा २४ एप्रिल १९९३ ला अमलात आला आणि पंचायतींत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. खुर्ची कायद्याने दिली, पण दगडावरच्या अक्षरांचा आकार कायद्यात लिहिलेला नव्हता. ‘सरपंचपती’ नावाचा एक हुद्दा गावोगाव तयार झाला. शेवटी केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला २०२३ साली या नवरेशाहीचा विचार करायला समिती नेमावी लागली.

दुसरा वाद झाला तो बाईच्या हुद्द्याचं रूप काय असावं यावर. जुने शब्द आठवून पाहा. पाटलीण, देशमुखीण, मास्तरीण. पाटलीण म्हणजे पाटीलकी करणारी बाई नव्हे, पाटलाची बायको. मास्तरीण शिकवणारी असेल, नाही तर नुसती मास्तरांच्या घरची असेल. म्हणजे हुद्द्याचं स्त्रीलिंग झालं की आपल्या भाषेत हुद्दा गळून पडायचा आणि लग्न तेवढं उरायचं. पुढे बाया शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, तेव्हा शिक्षिका, लेखिका, परिचारिका हे शब्द रुळले. ते कामावरून आलेले आहेत, म्हणून मला त्यांच्याविषयी तक्रार नाही.

२००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा बाईला ‘राष्ट्रपती’ कसं म्हणायचं यावर केवढी चर्चा झाली! ‘पती’ म्हणजे मूळ संस्कृतात धनी, पालक. सेनापती, सभापती, कुलपती यांतला पती कुणाचा नवरा नसतो. पण २०२२ साली द्रौपदी मुर्मू त्या पदावर आल्या आणि एका पुढाऱ्याच्या तोंडून ‘राष्ट्रपत्नी’ असा शब्द गेला. त्यावरून संसदेत गदारोळ झाला. देशातलं सर्वांत मोठं पद मिळालं तरी बाईला बायको करून टाकणारी जीभ जागीच असते.

आमच्या बैठकीत यावर दोन मतं पडली आणि दोन्हींत तथ्य होतं. काहीजणी म्हणाल्या, ‘अध्यक्षा’च लिहा, म्हणजे खुर्चीत बाई आहे हे दिसेल. काही म्हणाल्या, पद एकच आहे, मग आमच्यासाठी वेगळा शब्द कशाला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकलं, ते मराठीच्या स्वभावामुळे. आपली क्रियापदंच बाई की बुवा ते सांगतात. ‘सरपंच म्हणाल्या’, ‘अध्यक्ष उठल्या’ म्हटलं की बाई दिसते, आणि पदालाही धक्का लागत नाही. म्हणून मथळ्यात पद सर्वांना एकच आणि मजकुरात क्रियापद बाईचं, असं आम्ही ठरवलं. ज्या बाईला स्वतःला ‘अध्यक्षा’ आवडतं, तिच्या नोंदीत मात्र तिचंच ऐकायचं.

इथवर कुणी म्हणेल, अक्षरांनी पोट भरतं का? तर आता पोटाचंच बोलू.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. त्या योजनेत बाईला नाव मिळालं ‘सेविका’ आणि तिच्या पैशाला नाव मिळालं ‘मानधन’. दोन्ही शब्द कानाला किती गोड! पण सेवा करणारीला पगार कसा मागता येईल? मान दिलाच आहे, वर धन कशाला वाढवायचं? २००६ साली कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडीतल्या बाया सरकारी पद धारण करत नाहीत. पुढे गुजरातमधल्या अंगणवाडीताई ग्रॅच्युइटीसाठी लढल्या. तेव्हा सरकार पक्षाचं म्हणणं होतं, की यांना मिळतं ते मानधन, वेतन नव्हे. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येत हे पैसे वेतनच ठरतात आणि सेविका व मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. म्हणजे एका शब्दावर म्हातारपणाचा घास अडकला होता. आपल्या राज्यातही डिसेंबर २०२३ मध्ये ताई संपावर उतरल्या, तेव्हा ग्रॅच्युइटी ही त्यांची एक मागणी होतीच. आशांचंही तेच. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हटलं, की स्वतःहून करतात, मग पैसे कसले, असं म्हणायला सगळे मोकळे.

उलट बाजूही सांगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत थोरली बाई कुटुंबप्रमुख ठरवली. एक शब्द कायद्यात बदलला. तुमच्या रेशनकार्डावर तो बदलला आहे का, हे घरी जाऊन जरूर बघा.

तिसरा प्रश्न नावाचा. कोशात नोंद आडनावावरून लावायची प्रथा आहे. पण बाईचं आडनाव कोणतं? रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉक्टर आनंदीबाई जोशीही लग्नाआधी यमुनाच. दोघींची नावं लग्नात पुसली गेली. त्यांच्याच काळातल्या पंडिता रमाबाईंचं पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली, ती विद्वत्तेसाठी. लग्न त्यानंतर झालं. म्हणून ते मोठं अक्षर आजवर त्यांच्या नावाला चिकटून आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. आईचं नाव लेकराच्या कागदावर आलं, आता तिच्या स्वतःच्या नोंदीवरही तिच्या मर्जीचं नाव यायला हवं.

तर आमचे नियम असे ठरले. इंग्रजी मथळ्यात हुद्द्याचं अक्षर मोठं काढायचं तर सर्वांचं, नाही तर कुणाचंच नाही. ‘मा.’ आणि ‘सौ.’ दोन्ही बंद. आदराचं बहुवचन सगळ्यांना, सुईणीलाही. ‘सेविका’ हे सरकारी नाव म्हणून एकदा सांगायचं, पुढे ‘कर्मचारी’ लिहायचं. बाई सांगेल त्याच नावाने नोंद, दुसरं नाव असेल तर तिथे ‘पाहा’ एवढंच.

माहिती गोळा करताना एका तांड्यावर मी एका म्हातारीला विचारलं, “मावशी, तुम्ही काय काम करता?” ती म्हणाली, “काही नाही माय, घरीच असते.” शेजारची सून हसली. म्हणाली, “हिनं अख्ख्या तांड्याची बाळंतपणं केली, माझी दोन बी हिच्याच हातची.” म्हातारीला ते काम वाटतच नव्हतं, कारण त्याला कुणी कधी मोठं अक्षर दिलं नव्हतं.

समोर कोरे कागद ठेवले आहेत. जेवणाआधी प्रत्येकीने एकच ओळ लिहायची, स्वतःचं नाव आणि स्वतःचं काम. नवऱ्याचं, बापाचं काही नको. जिला लिहिता येत नाही तिने शेजारणीला सांगावं. शेजारणीने मात्र ती सांगेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. ‘काही नाही, घरीच’ असं कुणी सांगितलं तर तिला पुन्हा विचारा. तिसऱ्यांदाही विचारा. काम सापडेल.